घंटी न वाजवता

"तुमचा एक निरोप माझ्याकडे येऊन पडलाय," पलीकडून बाई म्हणाल्या. "खाजगी दिसतोय."

त्याने रिसीव्हर खांदा आणि गाल यांच्यामध्ये दाबून धरला होता आणि दोन्ही हात यंत्राच्या उघड्या पाठीत होते. हात तसेच ठेवून त्याने विचारलं, "कुठला निरोप?" खरं तर विचारायची काही गरज नव्हती. मुख्य कचेरी आणि शाखा यांना जोडणाऱ्या या नव्या दुव्यावरून आजवर गेलेले सगळे निरोप त्याचेच होते, आणि एक सोडला तर सगळ्यांत तो फक्त "चाचणी, चाचणी, ऐकू येतंय का, चाचणी" असं म्हणाला होता. असं म्हणणारा माणूस खाजगी काय बोलणार? म्हणजे तो एकच. सकाळी घरून इथल्या यंत्राला फोन लावून ठेवलेला. बाई शाखेतल्या बोर्डावर बसणाऱ्या, टेलिफोन ऑपरेटर. त्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गेले काही दिवस कामापुरतं बोलणं होत होतं, पासवर्ड, लाइन, वेळा, तेवढंच. बोलताना मध्येच "एक मिनिट हं" म्हणून त्या दुसरा कॉल घ्यायच्या आणि परत आल्या की वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचलायच्या. अशा माणसापासून काही लपत नाही, असं त्याला वाटून गेलं होतं.

काम तसं सोपं होतं, निदान साहेबांच्या मते. कंपनीची मुख्य कचेरी इथे आणि शाखा रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब. दोन्हीकडे निरोप घेणारं एकेक यंत्र, व्हॉइस मेल. माणूस जागेवर नसला की यंत्र त्याच्या वतीने ऐकून घेतं आणि त्याच्या पेटीत ठेवतं. पण इथल्या यंत्राला तिथलं यंत्र ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं दोघं एकाच कंपनीचं मीठ खात होती आणि एकमेकांना ओळखत नव्हती. त्यांची ओळख करून द्यायची, हे त्याचं काम. याला त्याचा नंबर सांगायचा, त्याला याचा. दोघांना एकमेकांचा पासवर्ड. आणि कोणत्या पेटीत कोण राहतं याचा तक्ता. मग इथल्या माणसाने इथेच निरोप बोलायचा, यंत्र सवडीने तिकडे फोन लावणार, स्वतःची ओळख पटवणार आणि निरोप त्या माणसाच्या पेटीत सोडून येणार. घंटी न वाजवता. साहेबांना माहितीपत्रकातली हीच गोष्ट सगळ्यात आवडली होती. "बघ हॅलो," ते म्हणाले होते, "कुणाला उठवायला नको, कुणाची गाठ पडायला नको." ऑफिसात त्याला सगळे हॅलो म्हणत. पहिल्यांदा कोण म्हणालं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. तो विसाव्या वर्षी हॅलो होता आणि केस पिकले तरी हॅलोच होता. साहेबांचं ते वाक्य त्यालाही आवडलं होतं, जरा जास्तच, आणि का आवडलं याचा विचार त्याने त्या दिवशी टाळला होता.

"तो माझ्या ताईसाठी होता," तो म्हणाला. "तिच्या पेटीत जायला हवा होता."

"तेच तर. तुम्ही टाकलाय तो नंबर रिकामा आहे. त्या आता वर बसतात, खरेदीमध्ये. बरेच महिने झाले बदलून. एक मिनिट हं."

बाई दुसऱ्या कॉलवर गेल्या. बरेच महिने. कंपनीतल्या प्रत्येक एक्स्टेन्शनचा जो मालक, त्याला स्वतःच्या बहिणीचं टेबल हललेलं माहीत नव्हतं. त्याला नोकरीला याच ताईने चिकटवलं होतं. ती आधी लागली, मग साहेबांच्या आधीच्या साहेबांना सांगून तिने त्याला वायरमनच्या हाताखाली घुसवलं, आणि मग बदली घेऊन, लग्न करून ती तिकडची झाली. सुरुवातीला दोघं रोज बोलत. कामाचं निमित्त काढून बोलत. पुढे पुढे तिच्या फोनची भीती वाटायला लागली, कारण ती विचारायची, "आई कशी आहे?" आणि हा प्रश्न असा होता, की त्याला "बरी आहे" म्हणावं तर खोटं आणि खरं सांगावं तर तासभर पुरेल. तो "बरी आहे" म्हणायचा. ती "बरं" म्हणायची. दोघांनाही पुढचं विचारायचं नसायचं. मग फोन कमी झाले. भांडण झालं असतं तर निदान सांगता आलं असतं की अमुक दिवसापासून बोलत नाही. तसंही काही नव्हतं. आणि आता यंत्रात तक्ता भरताना, सगळ्यात आधी, कुणी सांगितलेलं नसताना, त्याने तिचं नाव भरलं होतं आणि शेजारी तिचा नंबर, डोक्यात होता तो, न विचारता. तक्त्यातला माणूस जागेवर सापडला नाही तर निरोपाचं काय करायचं, असं यंत्र विचारतं. परत पाठवायचा की तिथल्या बोर्डावर टाकायचा? त्याने बोर्ड निवडला होता. परत येणारे निरोप त्याला आवडत नसत. आपलंच बोलणं आपल्याच पेटीत येऊन पडलंय, ही कल्पनाच त्याला नको वाटे.

"हं, बोला," बाई परत आल्या. "मला ऐकावा लागला हो. ऐकल्याशिवाय कुणाचा ते कळत नाही. राग मानू नका."

"राग कसला."

"पाठवू का वर? त्यांच्या नव्या पेटीत टाकते. दोन बटणांचं काम आहे."

पाठवा, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यासाठीच तर तो निरोप होता. पाठवला की काम झालं. दिवसभर आईला सांभाळणाऱ्या मावशी महिनाअखेर आपल्या लेकीकडे कायमच्या जाणार होत्या, दुसरं कुणी मिळत नव्हतं, मिळत होतं ते परवडत नव्हतं, आणि ताईने आईला नेलं नाही तर नोकरी सोडून घरी बसण्यावाचून त्याच्यापुढे काही नव्हतं. हे सगळं ताईच्या तोंडावर मागायचं त्याच्या जिवावर आलं होतं. घरी फोन केला तर ती उचलेल. ऑफिसात केला तरी उचलेल. उचलला की "आई कशी आहे?" विचारेल. दुवा सुरू झाला त्या दिवशी त्याला कळून चुकलं, की आता एक वाट आहे जिच्यात ती उचलणार नाही.

"पाठवा," तो म्हणाला.

"पाठवते. पण त्याआधी एकदा ऐकून घेता का?"

"मी काय बोललोय ते मला माहितीये."

"तुमचं नाही हो," बाईंचा आवाज जरा खाली आला. "मागचं."

"मागचं कुठलं?"

"मागे कुणीतरी बोलतंय. मला वाटतं, तुमच्या आई असाव्यात. थांबा, ऐकवते."

तो नको म्हणाला असता, पण बाईंनी विचारलंच नव्हतं. खरखर झाली. त्याने यंत्राच्या पाठीतून हात बाहेर काढले आणि रिसीव्हर नीट कानाला धरला. एक माणूस बोलायला लागला. चिरका, कंटाळलेला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी धाप लागल्यासारखा थांबणारा. तक्रार खिडकीवर उभं राहून तेच तेच सांगून दमलेला कुणी म्हातारा. आपण असे बोलतो? दिवसभर इतरांचे आवाज साफ करणाऱ्या माणसाने स्वतःचा आवाज ऐकलाच नव्हता. चाचणीचा आवाज वेगळा असतो, त्यात काही मागायचं नसतं. "ताई, मी बोलतोय," तो म्हातारा म्हणत होता. "मावशी जातायत महिनाअखेर. माझ्याच्याने आता होत नाही. आईला तुझ्याकडे ने. काही दिवस. काही दिवस म्हणजे, बघू." आणि याच्या मागे, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, अगदी स्वच्छ: "ताई आहे का रे?"

म्हातारा बोलतच होता. "रात्रीची उठते, दार उघडून बसते. मला झोप नाही." मागून: "दे ना मला. मला बोलायचंय तिच्याशी." म्हातारा: "आणि खरं सांगू का, तिला आता काही कळत नाही. कुणाला ओळखत नाही ती. त्यामुळे इथे काय नि तिथे काय, तिला सारखंच." मागून, जरा दमून: "अरे, ताईशी बोलतोयस ना? दे ना." मग थोडी शांतता, म्हातारा पुढचं वाक्य जुळवत असावा, आणि तेवढ्यात: "बरं बरं. तुझं होऊ दे. तुझं झालं की दे."

टुंग असा आवाज झाला आणि निरोप संपला.

"झालं," बाई म्हणाल्या. सकाळ त्याला पूर्ण दिसत होती. बाहेरच्या खोलीतला फोन, भिंतीचा रंग उडालेला तो भाग जिथे बोलताना तो नखाने खरवडत असे, खिडकीजवळच्या खुर्चीत आई, मांडीवर घडी करायला दिलेले टॉवेल. तेच तेच टॉवेल मावशी रोज उलगडून पुन्हा तिच्या हातात देत, म्हणजे तिचा वेळ जातो. आणि त्याचा उजवा हात वर गेलेला, पंजा उघडा, आईकडे. याची त्याला सवयच होती. ऑफिसात साहेबांचं स्वागताचं वाक्य ध्वनिमुद्रित करताना कुणी दार लोटून आत आलं की तो असा पंजा धरायचा. थांब, आवाज नको. शिपाई थांबायचा, साहेबांची सेक्रेटरी थांबायची, एकदा खुद्द मोठे साहेब दारात थांबले होते. सकाळी आईही थांबली होती. त्याने पंजा धरला होता हे त्याला आठवत होतं. ती काय बोलत होती ते मात्र आठवत नव्हतं, कारण ते त्याने ऐकलंच नव्हतं. तिचं बोलणं म्हणजे घरातला एक आवाज झाला होता, नळाचा असतो तसा.

कुणाला ओळखत नाही. हे अगदीच खोटं नव्हतं. मागे एकदा तिने त्याला मामाच्या नावाने हाक मारली होती आणि मामा जाऊन किती काळ लोटला होता. एकदा तिने दारात त्याला विचारलं होतं, "कोण पाहिजे?" आणि तो ऑफिसची पिशवी हातात घेऊन उभा राहिला होता. पण त्यानंतर दहा मिनिटांनी तिनेच त्याला सांगितलं होतं, "शर्टाचं बटण तुटलंय, काढून ठेव, लावून देते." दोन्ही खरं होतं. ताईला सांगताना त्याने त्यातलं एकच उचललं होतं. अर्धं होतं, ते त्याने पूर्ण केलं होतं, कारण अर्ध्या कारणावर कुणी आईला दुसरीकडे पाठवत नाही. त्याला आठवलं, ताई नव्याने तिकडे गेली तेव्हा घरात फोन नव्हता. शेजारच्यांकडे यायचा. शेजारीण गॅलरीतून हाक मारायची आणि आई हातातलं काम टाकून, पायात एकच चप्पल अडकवून धावत सुटायची, तो तिच्या मागे. आई फोनवर ओरडून बोलायची. गाव जितकं लांब तितका आवाज मोठा, असा तिचा हिशेब होता. शेजारी हसायचे, ताई म्हणायची, "आई, हळू, कान फुटतील माझे." आई हळू बोलायची, एक वाक्य, आणि पुढच्या वाक्याला पुन्हा वर. तेव्हा त्याला तिची लाज वाटायची. तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा, जणू तिच्याबरोबर आलाच नव्हता.

"पाठवू का मग?" बाईंनी विचारलं.

"नको."

"पुसून टाकू?"

"टाका." आणि मग, गप्प राहवेना म्हणून, "तुम्हांला काय वाटलं असेल."

"मला कशाला काय वाटायचंय," बाई म्हणाल्या. "दिवसभर लोकांचं ऐकते मी. माझी सासू होती अशी. सहा वर्षं. मी तर पंजासुद्धा धरत नव्हते, सरळ दार लावून घ्यायचे." त्याने पंजाचं त्यांना सांगितलं नव्हतं. तो काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, "मध्येच 'बरं बरं' म्हणून थांबतात ना त्या, त्यावरून समजलं, तुम्ही हात दाखवला असणार. ताईंना जोडून देऊ? आहेत जागेवर."

"नको, नको," तो घाबरून म्हणाला. "आत्ता नको. मी करतो संध्याकाळी."

"नवा नंबर तरी घ्या त्यांचा."

त्याने घेतला. तक्ता उघडला, जुना पुसला, नवा भरला. यंत्राने दोनदा खात्री करून घेतली, हा बदल नक्की करायचा का, त्याने दोनदा हो म्हटलं. मग पाठीचं झाकण लावलं, स्क्रू पिळले, आणि एक स्क्रू हातात उरला. तो कुठला हे शोधत तो बराच वेळ जमिनीवर बसून राहिला. साहेब दारातून डोकावले. "काय हॅलो, बोलतात का दोघं एकमेकांशी?"

"बोलतात."

"काही अडचण?"

"एक नंबर चुकला होता. माझ्याकडून."

"होतं रे," साहेब उदारपणे म्हणाले आणि निघून गेले.

घरी जाताना तो नेहमीच्या थांब्याच्या एक थांबा आधी उतरला आणि चालत निघाला. पाय दुखत होते तरी. दुकानांत दिवे लागायची वेळ, एक माणूस शटरला तेल घालत होता, एका बाईच्या पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती. त्याला झोप येत होती, चालता चालता झोप, गेल्या कित्येक महिन्यांत ती त्याच्या डोळ्यांच्या मागेच येऊन राहिली होती. त्याला ताईकडे आईला पाठवायचं होतं. हे दुपारनंतरही बदललं नव्हतं, आणि यानेच त्याला जास्त थकवा आला. निरोप ऐकून आपण पाझरलो असतो, म्हटलं असतं की काही झालं तरी आईला अंतर देणार नाही, तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. एक रात्र सलग झोप मिळावी, एवढंच त्याला हवं होतं. फक्त आता हे मागताना, तिला काही कळत नाही असं म्हणता येणार नव्हतं.

मावशी चपला घालूनच दारात उभ्या होत्या. "आज शहाण्यासारखं जेवल्या. दुपारी थोडं रडल्या. का ते नाही सांगितलं," एवढं बोलून त्या उतरून गेल्या. आत आई त्याच खुर्चीत होती. टॉवेल नव्हते, हात मांडीवर नुसते ठेवलेले. त्याने दिवा लावला. ती कोण पाहिजे म्हणते की काय, या धास्तीने तो क्षणभर उभा राहिला.

"आलास?" आई म्हणाली. "उशीर केलास."

"चालत आलो." तो पिशवी न ठेवताच तिच्यासमोर बसला. "आई, ताईला फोन लावू?"

"लाव की. सकाळपासून म्हणतेय मी."

सकाळपासून. म्हणजे ते तिने दिवसभर धरून ठेवलं होतं. त्याने ताईच्या घरचा नंबर फिरवला, तो तरी त्याला बरोबर आठवत होता, आणि खुर्चीला फोनची तार पुरेल का हे पाहत उभा राहिला. पलीकडे घंटी वाजत होती. किती साधा आवाज. तो बंद करण्यासाठी कंपनीने केवढा खर्च केला होता. तेवढ्यात ताईने उचलला आणि त्याचा आवाज ऐकताच म्हणाली, "काय झालं? आई कशी आहे?"

"आईला तुझ्याशी बोलायचंय," तो म्हणाला आणि रिसीव्हर आईच्या हातात दिला. तिने तो उलटा धरला. त्याने सुलटा केला. तिने दुसऱ्या हाताने त्याला लांब हो, लांब हो अशी खूण केली. तो दोन पावलं मागे सरला, भिंतीला टेकला.

"ताई का?" आई ओरडली. गाव तेवढंच लांब होतं, तिचा आवाजही तेवढाच. "ऐक. ह्याला सांगू नकोस हं." ती त्याच्याकडे चोरटी नजर टाकून पुन्हा रिसीव्हरमध्ये ओरडली, "मला तिकडे घेऊन जा. हा फार दमलाय गं. हाक मारते तर ह्याला ऐकूसुद्धा येत नाही. उभ्या उभ्या झोपतो. मी इथून गेले की झोपेल. तू म्हण, तूच बोलावलंस म्हणून. मी म्हटलं म्हणून सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल. काय? अगं, हळूच बोलतेय मी." पलीकडून बारीक, न समजणारं काहीतरी ऐकू येत होतं. आई "हं, हं" करत होती. मग तिने रिसीव्हर त्याच्यापुढे धरला, आणि चेहरा असा निर्विकार केला की जणू हवापाण्याचं बोलणं झालं.

"ऐकलंस ना?" ताई म्हणाली. तिचं नाक भरलं होतं.

"ऐकलं. शेजाऱ्यांनीसुद्धा ऐकलं असेल."

ती हसली नाही. "मला का नाही सांगितलंस रे तू? मी शनिवारी येते न्यायला. चालेल? शनिवारी?"

किती महिने तो याच वाक्याची वाट पाहत होता. त्याचं उत्तरही तयार होतं, कधीच, कपडे कुठल्या बॅगेत भरायचे आणि औषधं कुठल्या डब्यात, इथपर्यंत. हो एवढंच म्हणायचं होतं. आई खुर्चीतून त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"थांब," तो म्हणाला, "तिला विचारतो."

रिसीव्हर छातीशी धरून तो खाली बसला, तिच्या चेहऱ्यासमोर. "आई, तुला जायचंय ताईकडे?"

आईने खोलीभर पाहिलं. खिडकी, दार, स्वयंपाकघराच्या तोंडाशी वाळत घातलेले टॉवेल. मग त्याच्याकडे.

"नाही रे," ती म्हणाली. "पण जाते ना मी."